हार्ड डिस्क केसिंग आणि थंडरबर्ड : जुन्या काँप्युटरवरचा डेटा हलवायला ही जोडी कितपत कामाची?

विंडोज १० चा मायक्रोसॉफ्टचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. मशीन अजून चालतंय म्हणून चालवणारे आहेतच. तरी कोल्हापुरात शाहूपुरीतलं गुळाचं अडत दुकान असो, शिरोलीतली फौंड्री असो की शिवाजी पेठेतला छापखाना, आज ना उद्या टेबलाखालचा जुना सीपीयू निघणार आणि नवा बसणार. नवा घेताना दुकानात एक वाक्य हमखास ऐकू येतं : ‘जुना डेटा टाकून देतो की, काळजी करू नका.’

या ‘डेटा टाकून देतो’मध्ये साधारणपणे डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स, डाउनलोड्स, फोटो आणि सगळी डी ड्राइव्ह येते. दुकानदाराला सांगितलेलं असतं तेवढं तो करतो, त्यात त्याची चूक नाही. पण मेल या फोल्डरांत असेलच असं नाही. मराठी फाँट तर तिथे नसतातच. ब्राउझरमधले पासवर्ड नुसत्या कॉपीने येत नाहीत. हे सगळं ध्यानात येईपर्यंत जुना सीपीयू एक्सचेंजमध्ये गेलेला असतो आणि त्याची डिस्क फॉरमॅट होऊन दुसऱ्याच्या मशीनमध्ये बसलेली असते. म्हणून आमचं मत पहिल्यांदाच सांगतो : एक्सचेंजमध्ये सीपीयू द्या, पण हार्ड डिस्क काढून स्वतःजवळ ठेवा. ती डिस्क वाचायला केसिंग घ्या, म्हणजे सुटी डिस्क आत बसवून यूएसबीने जोडायची डबी, आणि मेलसाठी थंडरबर्ड हे मेलचं सॉफ्टवेअर वापरा. केसिंग काही शे रुपयांत मिळतं, थंडरबर्ड फुकट आहे.

केसिंग घेताना

राजारामपुरीत किंवा स्टेशन रोडला ‘हार्ड डिस्क केसिंग’ म्हणून मागितलं की दुकानदार पहिलं जे हाताला लागेल ते देतो, आणि ते बहुतेक वेळा लॅपटॉपच्या अडीच इंची साटा (डिस्क जोडायची नेहमीची पद्धत) डिस्कचं असतं. तुमची डिस्क कोणती ते आधी बघून जा. डेस्कटॉपमधली साधारण साडेतीन इंची असते आणि तिला १२ व्होल्ट लागतात. यूएसबीतून ५ व्होल्टच मिळतात, म्हणून तिच्या केसिंगबरोबर वेगळा अडॅप्टर हवाच. तो नसेल तर डिस्क फिरतच नाही आणि माणूस समजतो डिस्क गेली. अडीच इंची डिस्क यूएसबीवर चालते. पण यूएसबी २ चा पोर्ट नियमाने ५०० मिलीअँपिअर देतो, यूएसबी ३ चा ९००. जुनी फिरती डिस्क सुरू होताना यापेक्षा जास्त ओढते. टिक-टिक आवाज येऊन डिस्क दिसेनाशी झाली तर सीपीयूच्या मागच्या बाजूच्या, थेट मदरबोर्डवरच्या पोर्टला लावून पाहा. पुढच्या पोर्टची आतली वायर लांब असते आणि तिथे ताकद कमी पडते.

साटा ओळखायला सोपं : डेटाची ७ पिनांची चपटी पट्टी आणि शेजारी पॉवरची १५ पिनांची. दोन रांगांत उभ्या ४० पिना असतील तर ती आयडीई, एक्सपीच्या काळातली. तिला साटाचं केसिंग चालत नाही, आयडीईचा वेगळा कन्व्हर्टर मागावा लागतो. गेल्या काही वर्षांतल्या लॅपटॉपमध्ये च्युइंगगमच्या पट्टीएवढी एम-डॉट-टू एसएसडी असते. तिच्यात पुन्हा दोन जाती आहेत, साटा आणि एनव्हीएमई. टोकाला दोन खाचा असतील तर बहुधा साटा, एकच असेल तर एनव्हीएमई. खात्री लेबल वाचूनच करायची, कारण साध्या केसिंगमध्ये दोन्हींपैकी एकच चालते. दोन्ही वाचणारं केसिंग मिळतं, ते थोडं महाग असतं. स्वस्तातल्या काही लॅपटॉपमध्ये स्टोरेज मदरबोर्डलाच डाग मारून बसवलेलं असतं. तिथे केसिंगचा प्रश्नच येत नाही. मशीन चालू आहे तोवर एक्स्टर्नल डिस्कवर कॉपी घेणं एवढाच मार्ग उरतो.

वेगाचा हिशोब मांडून घ्या, म्हणजे दुपारी चारला काम सुरू करून सातला दुकान बंद करायची वेळ आल्यावर धावपळ होणार नाही. यूएसबी २ वर प्रत्यक्षात सेकंदाला ३० एमबीच्या आसपास मिळतात, म्हणजे ३०० जीबीला पावणेतीन तास. यूएसबी ३ च्या निळ्या पोर्टवर जुनी फिरती डिस्क १०० एमबीपर्यंत देते, तोच डेटा पन्नास मिनिटांत होतो. हा हिशोब मोठ्या फायलींचा. हजारो बारीक फायली असतील तर वेळ कितीतरी वाढतो, कारण डिस्कचं डोकं प्रत्येक फायलीसाठी नव्या जागी जातं.

केसिंगला डिस्क लावल्यावर कधीकधी विंडोज विचारतं : ही डिस्क वापरण्याआधी फॉरमॅट करायची का? इथे ‘कॅन्सल’ दाबायचं. दुसरं काहीही नाही. डेटा गेलेला असेलच असं नाही. काही केसिंगमधली चिप डिस्कचे सेक्टर ५१२ बाइटऐवजी ४०९६ बाइटचे असल्यासारखे पुढे मांडते, त्यामुळे विंडोजला पार्टिशन सापडत नाही. तीच डिस्क दुसऱ्या केसिंगमध्ये किंवा थेट मदरबोर्डला लावली की सगळं जसंच्या तसं दिसतं. घाईत ‘फॉरमॅट’ दाबून घालवलेल्या डेटाची हळहळ फार मोठी असते, म्हणून हे ठासून सांगतो आहोत.

डिस्कमधून खट्-खट् आवाज येत असेल तर कॉपी सुरूच करू नका. आवाज नसला तरी क्रिस्टलडिस्कइन्फो हे डिस्कची तब्येत दाखवणारं फुकट सॉफ्टवेअर एकदा चालवा. ‘करंट पेंडिंग सेक्टर’चा, म्हणजे नीट वाचता न आलेल्या जागांचा, आकडा शून्यापेक्षा जास्त असेल तर सगळ्यात महत्त्वाचं ते आधी उचला. टॅलीचा डेटा, मेल, घरचे फोटो, मग बाकीचं. अशी डिस्क किती वेळ साथ देईल हे कुणी सांगू शकत नाही.

जुनी डिस्क काढण्यापूर्वी

ही पायरी चुकली तर केसिंग कितीही चांगलं असून उपयोग नाही. जुनं मशीन सुरू आहे तोवरच दोन गोष्टी तपासायच्या.

पहिली, एन्क्रिप्शन, म्हणजे डिस्कवरच्या डेटाला कुलूप. नव्या लॅपटॉपांत मायक्रोसॉफ्ट खात्याने लॉगिन केलं की विंडोज डिस्कला आपोआप कुलूप लावतं, मालकाला पत्ताही नसतो. ती डिस्क दुसऱ्या मशीनला लावली की ४८ अंकी रिकव्हरी की मागते. विंडोजचा पासवर्ड तिथे चालत नाही. की मायक्रोसॉफ्ट खात्याच्या पानावर साठवलेली असते, पण ते खातं दुकानातल्या मुलाने मशीन घेताना स्वतःच्या मनाने उघडून दिलेलं असेल तर शोधाशोध सुरू होते. त्यापेक्षा सेटिंग्जमध्ये जाऊन ‘डिव्हाइस एन्क्रिप्शन’ बंद करा, ते पूर्ण उलगडेपर्यंत थांबा आणि मगच स्क्रू काढा.

दुसरी, वनड्राइव्ह, म्हणजे मायक्रोसॉफ्टची नेटवरची साठवण. विंडोज अनेकदा डेस्कटॉप आणि डॉक्युमेंट्स वनड्राइव्हच्या फोल्डरात वळवतं. तिथे फायलीच्या नावापुढे ढगाचं चिन्ह असेल तर ती फाइल डिस्कवर नाहीच, फक्त नाव आहे. डिस्क काढून दुसरीकडे लावली की यादी सगळी दिसते आणि एकही फाइल उघडत नाही. फोल्डरवर राइट क्लिक करून ‘ऑलवेज कीप ऑन धिस डिव्हाइस’ निवडा आणि सगळीकडे हिरवी टिक येईपर्यंत नेट चालू ठेवा. विंडोजचं स्वतःचं बॅकअप ॲपही वनड्राइव्हवरच उभं आहे. फुकट जागा ५ जीबी, म्हणजे एका लग्नाच्या फोटोंनी भरेल एवढी. सेटिंग आणि वॉलपेपर आणायला ते ठीक आहे. ऑफिसचा दहा वर्षांचा डेटा हलवायला आम्ही ते सुचवणार नाही.

कॉपी

माउसने ओढून कॉपी करता येते, पण मधेच एका फायलीवर अडून बसते आणि रात्रभर तो प्रश्न पडद्यावर तसाच राहतो. विंडोजमध्येच असलेली रोबोकॉपी ही आज्ञा यापेक्षा कितीतरी भरवशाची. कमांड प्रॉम्प्टमध्ये रोबोकॉपी, पुढे जुन्या फोल्डरचा पत्ता, मग नव्याचा, आणि मग स्लॅश देऊन इंग्रजीत चार खुणा : ई, एक्सजे, आर कोलन १, डब्ल्यू कोलन १. ई म्हणजे आतले सगळे फोल्डर, रिकामेसुद्धा. एक्सजे फार महत्त्वाची. विंडोजच्या युजर फोल्डरात ‘ॲप्लिकेशन डेटा’ नावाची एक वाट पुन्हा स्वतःकडेच वळते, एक्सजे दिली नाही तर कॉपी त्याच वर्तुळात फिरत राहून डिस्क भरते. आर आणि डब्ल्यू यासाठी, की एखादी फाइल वाचता आली नाही तर रोबोकॉपी मुळात दहा लाख वेळा प्रयत्न करते, दर वेळी ३० सेकंद थांबून. शेवटी जो तक्ता येतो त्यात ‘फेल्ड’चा रकाना शून्य आहे का ते बघायचं.

‘या फोल्डरची परवानगी नाही’ असं आलं तर घाबरू नका. जुन्या मशीनवरच्या युजरच्या नावे ते फोल्डर आहे, एवढाच त्याचा अर्थ. ‘कंटिन्यू’ दाबा आणि थांबा, मोठ्या फोल्डरला दहा-पंधरा मिनिटंही लागतात.

देवनागरी नावांबद्दल एक गोष्ट सहसा कुणी सांगत नाही. विंडोजची नेहमीची मर्यादा पूर्ण पत्त्याला २६० खुणांची आहे, आणि त्यात काना, मात्रा, हलन्त सगळं वेगळं मोजलं जातं. ‘कोल्हापूर’ डोळ्याला चार अक्षरं दिसतं, मोजणीत नऊ भरतं. वर्षनिहाय, गावनिहाय, पक्षकारनिहाय फोल्डरांत फोल्डर ठेवणाऱ्या वकिलांच्या आणि सर्व्हेअरच्या मशीनवर ही मर्यादा पटकन गाठली जाते आणि साध्या कॉपीत ‘पाथ टू लाँग’ येतं. रोबोकॉपी असे लांब पत्ते घेते. जुन्या झिप सॉफ्टवेअरने गठ्ठा बांधू नका, त्यातून देवनागरी नावांची प्रश्नचिन्हं होऊन बाहेर पडतात.

पेनड्राइव्हने काम करणार असाल तर ती फॅट-३२ या जुन्या पद्धतीने फॉरमॅट केलेली नाही ना ते बघा. फॅट-३२ वर ४ जीबीपेक्षा मोठी फाइल जातच नाही, आणि मेलची फाइल नेमकी त्याहून मोठी असते. एक्सफॅट किंवा एनटीएफएस करून घ्या.

आता फाँट. श्रीलिपी, आकृती, शिवाजी, कृतिदेव यांत टाइप केलेला मजकूर युनिकोड नसतो. नव्या मशीनवर तो फाँट नसेल तर लग्नपत्रिका, संस्थेची नियमावली, जुने अर्ज, सगळं इंग्रजी अक्षरांच्या खिचडीसारखं दिसतं. फाइल बिघडलेली नसते, फाँट राहिलेला असतो. विंडोजच्या फोल्डरातला ‘फाँट्स’ फोल्डर घ्याच, शिवाय युजरच्या ॲपडेटा या लपलेल्या फोल्डरामध्ये लोकल, मायक्रोसॉफ्ट, विंडोज यांच्या आत दुसरा ‘फाँट्स’ फोल्डर असतो तोही घ्या. विंडोज १० च्या नंतरच्या आवृत्त्यांत युजरने स्वतः बसवलेले फाँट तिथे जातात. छापखान्यांनी आणखी एक बघावं. जुनी काही पॅकेजं पॅरलल पोर्टला (जुन्या प्रिंटरच्या पोर्टला) लावायच्या लॉकवर चालतात, आणि नव्या मशीनला तो पोर्टच नसतो. टाइप-१ या जुन्या पद्धतीच्या फाँटना अडोबीने जानेवारी २०२३ पासून सपोर्ट बंद केला आहे. पेजमेकरच्या फायली इनडिझाइनच्या सीएस-६ पर्यंतच उघडतात. अशा छापखान्याने जुनं मशीन मोडीत काढू नये, नेट न जोडता फक्त त्या कामासाठी ठेवावं.

मेल

सगळ्यात आधी एक प्रश्न : मेल पॉप पद्धतीने येत होती की आयमॅपने? आयमॅप असेल तर मेल सर्व्हरवर आहे, नव्या मशीनवर खातं जोडलं की आपोआप उतरते. पॉप असेल तर मेल जुन्या डिस्कवर आहे आणि बहुधा फक्त तिथेच. कंपनीच्या नावाचं डोमेन घेऊन दहा-पंधरा वर्षांपूर्वी सुरू केलेल्या मेलमध्ये पॉप अजून सर्रास सापडतो. खात्याच्या सेटिंगमध्ये इनकमिंग सर्व्हरच्या ओळीत ते लिहिलेलं असतं. ते न बघता पुढे जाऊ नका.

आउटलुकमधून आउटलुकमध्ये जायचं असेल तर थंडरबर्डची गरज नाही. आउटलुक पूर्ण बंद करा, नाहीतर फाइल वापरात आहे म्हणून कॉपी अडते. पीएसटी फाइल शोधा, आउटलुकची मेल तिच्यातच साठते. २०१० पासूनच्या आउटलुकमध्ये ती डॉक्युमेंट्समधल्या ‘आउटलुक फाइल्स’मध्ये असते, त्याआधीच्यात ॲपडेटाच्या लपलेल्या फोल्डरात, म्हणून ती राहते. नव्या मशीनच्या डिस्कवर कॉपी करून क्लासिक आउटलुकच्या फाइल मेनूतून ‘ओपन आउटलुक डेटा फाइल’ने उघडा. ‘इम्पोर्ट’ टाळा, त्यातून दुबार मेल होतात. पीएसटी पेनड्राइव्हवर किंवा नेटवर्कवर ठेवून वापरू नका, मधेच जोडणी तुटली की ती बिघडते. बिघडलीच तर ऑफिसच्या फोल्डरात स्कॅनपीएसटी नावाचं दुरुस्तीचं साधन आहे. आउटलुक २००२ पर्यंतच्या पीएसटीची मर्यादा २ जीबी होती, ती ओलांडलेली फाइल उघडत नाही. ओएसटी नावाची फाइल मात्र नुसती कॉपी करून उपयोग नाही, ती त्या मशीनच्या खात्याशी बांधलेली असते. जुन्या मशीनवरूनच तिचं पीएसटीत एक्स्पोर्ट करावं लागतं. सह्यांचा ‘सिग्नेचर्स’ फोल्डर ॲपडेटाच्या रोमिंगमध्ये असतो. ‘नवीन आउटलुक’ म्हणून जे आपोआप उघडतं त्यात पीएसटीची सोय तोकडी आहे, या कामासाठी क्लासिकच हवं.

थंडरबर्डचं खरं मोल याच्या पुढे आहे. पहिली आवृत्ती डिसेंबर २००४ मध्ये आली, तेव्हापासून त्याची साठवण बहुतांशी साध्या एमबॉक्स फायलींत आहे, म्हणजे मेल दुसऱ्या सॉफ्टवेअरनेही वाचता येते. सगळं एकाच प्रोफाइल फोल्डरात असतं : मेल, पत्ते, फिल्टर, पासवर्ड. जुन्या मशीनवर आधी फोल्डर ‘कॉम्पॅक्ट’ करा. पुसलेली मेल तोवर फायलीत तशीच राहते आणि उगाच आकार फुगवते. मग थंडरबर्ड बंद करून ॲपडेटा, रोमिंग, थंडरबर्ड, प्रोफाइल्स यातला पूर्ण फोल्डर उचला. नव्यावर टूल्समधल्या ‘इम्पोर्ट’मध्ये प्रोफाइल फोल्डर निवडायची सोय आहे. झिपचा पर्यायही दिसतो, पण तो २ जीबीच्या आतल्यांसाठी. मोठ्या मेलला फोल्डरच. आणखी चांगली गोष्ट म्हणजे पॉपने कोणती मेल उतरवली याची नोंद प्रोफाइलमध्येच असते. पूर्ण प्रोफाइल जशीच्या तशी जागेवर ठेवली तर ती नोंदही येते आणि सर्व्हरवर राहिलेली मेल पुन्हा दुबार उतरत नाही. आउटलुकमध्ये मशीन बदलल्यावर नेमकी तीच कटकट होते.

आउटलुक एक्स्प्रेस आणि विंडोज लाइव्ह मेलवाल्यांनाही थंडरबर्डच सोयीचं. लाइव्ह मेलचा सपोर्ट जानेवारी २०१७ मध्येच संपला, तरी त्याची मेल सुट्या इएमएल फायलींत असते, ती उचलणं सोपं. एक्स्प्रेसची मेल मात्र डीबीएक्स फायलींत असते. एक्सपीचं मशीन चालू असेल तर एक्स्प्रेसच्या खिडकीतून मेल निवडून साध्या फोल्डरात ओढा, प्रत्येकीची इएमएल फाइल तयार होते. पुढे थंडरबर्डमध्ये ‘इम्पोर्टएक्स्पोर्टटूल्स एनजी’ हे ॲड-ऑन बसवून सगळा फोल्डर आत घ्यायचा, तेही फुकट आहे.

थंडरबर्डच्या उणिवा सांगायला हव्यात. आउटलुकमधली मेल थेट घ्यायची तर त्याच मशीनवर क्लासिक आउटलुक बसवलेलं लागतं, म्हणजे ते काम जुन्या मशीनवरच उरकावं लागतं. प्रोफाइल नव्या आवृत्तीत उघडली की जुन्या आवृत्तीत परत सहजी उघडत नाही, म्हणून मूळ फोल्डरला हात न लावता कॉपीवरच काम करा. पहिल्या दिवशी शोधाची यादी नव्याने बनते, तोवर मशीन जड वाटतं. आणि अँटिव्हायरसला इनबॉक्समधली एखादी मेल संशयास्पद वाटली तर तो अख्खी इनबॉक्स फाइल उचलून कोंडून ठेवू शकतो, कारण त्याच्या लेखी ती एकच फाइल आहे. प्रोफाइलचा फोल्डर स्कॅनमधून वगळा.

नव्या मशीनवर पॉप खातं जोडताना ‘लीव्ह मेसेजेस ऑन सर्व्हर’वर टिक ठेवा. ती विसरली तर नवी मेल नव्या मशीनवर उतरून सर्व्हरवरून जाते. मग जुन्यावर परत यायची वेळ आली तर मेल दोन ठिकाणी विखुरलेली सापडते.

क्रोमचा प्रोफाइल फोल्डर कॉपी करून पासवर्ड येत नाहीत, ते विंडोजच्या त्या युजरच्या कुलपात असतात. जुन्या मशीनवरून एक्स्पोर्ट करा, नव्यावर घ्या आणि ती फाइल लगेच पुसा, त्यात सगळे पासवर्ड उघडे असतात. टॅलीचं लायसन्स जुन्या मशीनवर ‘सरेंडर’ केल्याशिवाय डिस्क काढू नका. डेटाचे आकड्यांच्या नावांचे फोल्डर पूर्ण उचला.

सगळं झाल्यावर दोन्हीकडे फोल्डरच्या प्रॉपर्टीजमध्ये फायलींची संख्या आणि ‘साइज’ जुळवा. शेजारचा ‘साइज ऑन डिस्क’ जुळला नाही तरी चालतो. मेलमध्ये सर्वांत जुनी, सर्वांत नवी आणि मधल्या एका वर्षाची मेल अटॅचमेंटसकट उघडून पाहा.

जुनी डिस्क निदान एक जीएसटी रिटर्न आणि एक महिनाअखेर नव्या मशीनवर पार पडेपर्यंत पुसू नका. तिच्यावर तारीख लिहा, मऊ पिशवीत घाला आणि वरच्या मजल्यावर ठेवा. पंचगंगेची इशारा पातळी राजाराम बंधाऱ्यावर ३९ फूट, धोका पातळी ४३ फूट. २०१९ आणि २०२१ च्या पुरांत शहराच्या सखल भागांतल्या तळमजल्यांवर पाणी शिरलं होतं, आणि टेबलाखालच्या सीपीयूला वर उचलायला वेळ मिळतोच असं नाही. डिस्क भिजलीच तर वाळली असं वाटूनही तिला वीज देऊ नका. तशीच रिकव्हरीवाल्याकडे न्या.